स्टेअरिंग वळवताना घूंऽऽ आवाज येतोय, पंप बदलावाच लागेल का?

नमस्कार. जाणकारांनी जरा मदत करा.

गाडी जुनी, पेट्रोलवरची. स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि वर ऑइलचा डबा. तीन आठवड्यांपासून उभ्या गाडीत चाकं वळवली की घूंऽऽ असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दिला की त्याची पट्टी चढते. सकाळी इंजिन थंड असताना सगळ्यात जास्त, सरळ रस्त्यावर जवळजवळ नाही. स्टेअरिंग अजून जड झालेलं नाही, पण मधूनच थरथरतं.

डब्यातलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. भरलं, दोन दिवस शांत गेले, मग पुन्हा तेच. जमिनीवर एक थेंबही नाही. गॅरेजमध्ये एकदा स्टेअरिंग वळवून पाहिलं आणि 'पंप गेला' म्हणाले, डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पंप खराब असेल तर बदलेनच. पण रोज ही गाडी आई चालवते. नवा पंप बसवूनही मूळ दोष तसाच राहिला आणि एखाद्या वळणावर स्टेअरिंग अचानक जड झालं तर? म्हणून आधी खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

पंपाचा निकाल एवढ्यात लावू नका. दोन गोष्टी सांगा. आवाज घूं आहे की चीं? चीं करून किंचाळत असेल तर बहुतेक बेल्ट घसरतोय, तो ताणून किंवा बदलून भागतं. घूं असेल तर ऑइलकडे बघा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग वळवायला सांगा आणि डब्यात डोकावा. फेस दिसतो का?

आणि तुम्ही कोणतं ऑइल भरलंत? काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल चालतं, काहींना वेगळंच लागतं. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको, आतली रबरी सीलं फुगून खराब होतात.

धागाकर्ता

घूंच आहे. ऑइल पुस्तिकेत दिलंय तेच भरलं. डब्यात डोकावलो तर लाल ऑइल फिकट गुलाबी, दुधाळ झालेलं आणि वर बारीक बुडबुडे!

प्रतिसाद २

मग पंप हवा ओढतोय. तुमचा घूंऽऽ त्या हवेचा असण्याची शक्यता खूप आहे. डब्याकडून पंपाकडे येणारा जाड पाइप तपासा, विशेषतः दोन्ही टोकांना क्लिपखालचा भाग. या पाइपमध्ये दाब नसतो, उलट पंप त्यातून ऑइल खेचत असतो. त्यामुळे तिथे चीर पडली तर ऑइल बाहेर उडत नाही, हवा आत जाते, आणि जमीन कोरडी राहते. थंडीत रबर ताठरतं आणि ऑइलही घट्ट असतं, म्हणून सकाळचा आवाज मोठा. पंपाच्या तोंडाशी ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी) असेल तर तीही बदला. डब्याच्या तळाची जाळी गाळाने तुंबली तरी असाच आवाज येतो. ती बऱ्याच गाड्यांत निघत नाही, अख्खा डबा बदलावा लागतो.

पण पातळी उतरली म्हणजे ऑइल कुठेतरी गेलंय, हे विसरू नका. रॅकच्या, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या आडव्या भागाच्या, दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. ते चाचपून बघा. आतलं सील गळत असेल तर ऑइल बुटातच साठतं, खाली ठिबकत नाही.

पाइप बदलल्यावर हवा काढणं हे खरं काम. पुढची चाकं जॅकने उचला, गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवू नका. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. पातळी उतरेल तसं ऑइल घालत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. आधीच चालू केलंत तर पंप हवा घुसळून पुन्हा फेस करेल.

जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. चकाकणारा धातूचा चुरा दिसला, तर पंप आतून झिजला असं समजा.

धागाकर्ता

आज सगळं करून झालं. पाइप पंपाकडच्या टोकाला क्लिपखाली चिरला होता. वरून नीट दिसत होता, क्लिप सरकवल्यावर बोट ओलं झालं आणि चीर लागली. त्या टोकाखालची इंजिनवरची धूळ ऑइलने चिकट झाली होती, म्हणजे गाडी बंद असताना तिथूनच झिरपत असावं. रॅकचे बूट कोरडे आहेत. पाइप, क्लिपा आणि ओ-रिंग नवीन घातली, ऑइल बदललं, सांगितलंत तशी हवा काढली. डब्यात आता स्वच्छ लाल ऑइल आहे, फेस नाही, घूंऽऽ गेला. फक्त स्टेअरिंग अगदी टोकाला टेकलं की बारीक हिस्स ऐकू येतं. ते काय असेल?

प्रतिसाद २

त्याची काळजी नको. तिथे पंपाचा दाब कमाल होतो आणि जादा दाब सोडणारी झडप उघडते. तिचा आवाज आहे तो. आईंना एवढंच सांगा की स्टेअरिंग टोकाला दाबून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, ऑइल फार तापतं. पातळी आठवडाभर रोज सकाळी बघा. भांड्यात चुरा होता का?

धागाकर्ता

नाही, उन्हात धरून दोनदा पाहिलं. पंप जुनाच ठेवलाय. मनापासून आभार, आठवड्याने पातळी कळवतो.