हिपॅटायटिस बी आणि परदेशी जाणारी तरुण पोरं : तपासणी हवी, पण त्यावर व्हिसा कशाला अडवायचा?

खाडीपलीकडे
भाचा, वय २४, रत्नागिरी जिल्ह्यातला, एसी मेकॅनिक. आखातात नोकरी ठरली, एजंटाला पैसे देऊन झाले. मुंबईत मेडिकल झालं आणि कागदावर आलं : 'अनफिट'. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीच्या विषाणूची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. म्हणजे काय, हे कुणी धड सांगितलं नाही. घरी आजीने त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे खूश. विषाणू जिथल्या तिथे.

माझं म्हणणं एवढंच : तपासा, पण त्यावर व्हिसा अडवू नका. हा लिव्हरचा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवून होत नाही. एसी दुरुस्त करणाऱ्यापासून कुणाला काय होणार?

पासपोर्टवाला
असहमत. ज्याच्या घरी जायचं त्याने दारात चौकशी करायची नाही? अमेरिकेतलंच बघा : परदेशात जन्मलेले लोकसंख्येत साधारण १४ टक्के, पण जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांत सुमारे ६९ टक्के. उद्या सिरॉसिस झाला, लिव्हरचा कॅन्सर झाला, तर खर्च कुणाचा?

लॅबवाली, न्यू जर्सी
आकडा बरोबर, निष्कर्ष उलटा. हेच आकडे समोर असूनही इथे हिपॅटायटिस बी हे ग्रीन कार्ड नाकारायचं कारण नाही. २०२३ पासून सीडीसीचा (इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा) सल्ला आहे की प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तपासून घ्यावं, इथेच जन्मलेल्यांनीसुद्धा.

आणि आजार मुळात येतो कुठून? तान्हेपणी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी झाली तर शंभरात पाचही जणांत नाही. भारतात सरकारी लसीकरणात ही लस २००२ च्या सुमारास मोजक्या ठिकाणी आली, देशभर पोचली २०११ मध्ये. आज पंचविशीत असलेली पोरं त्याआधीची. त्यांनी बहुधा हा विषाणू पाळण्यातच घेतला, विमानात नाही.

भेदभाव इथेही झालाय. याच आजारामुळे दोघांना वैद्यकीय प्रवेश नाकारला, म्हणून २०१३ मध्ये न्याय खात्याने इथल्या एका सरकारी विद्यापीठाला तडजोड करायला लावली.

पासपोर्टवाला
न्यू जर्सीत बसून बोलणं सोपं आहे, ताई. आखात नागरिकत्व देत नाही, करारावर माणूस घेतं. आणि खरं सांगा, अनफिट झाला म्हणून तर पोराला कळलं! नाहीतर चाळिशीत पोटात पाणी झाल्यावर कळलं असतं.

खाडीपलीकडे
हे बोचलं, पण मान्य. फक्त कळलं कुणाला ते बघा. आधी एजंटाला, मग वाडीला, डॉक्टरला सगळ्यात शेवटी. आता लग्नाचं बोलणं थांबलंय. आणि वाडीतला दुसरा पोरगा विचारत होता, मेडिकलला दुसऱ्याचं रक्त देता येतं का. अशी तपासणी कुणाच्या कामाची?

रिकामटेकडा
महिनाभर उसाचा रस प्यायचा, सगळं साफ.

लॅबवाली, न्यू जर्सी
रिकामटेकडे, नाही होत. गाडीवरचा गढूळ बर्फ घातलेला रस प्यायलात तर वर हिपॅटायटिस 'ए' नाहीतर 'ई' पदरात पडेल.

खाडीपलीकडे, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सिव्हिलमध्ये चौकशी करा. सगळ्यांनाच गोळ्या लागत नाहीत, पण व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ते) आणि ठरावीक मुदतीने तपासणी चुकवायची नाही. आई आणि भावंडं तपासली का?

खाडीपलीकडे
तपासली. माझी ताई, म्हणजे त्याची आई, पॉझिटिव्ह. एकोणपन्नास वर्षांत तिचे डोळे एकदाही पिवळे झाले नव्हते. धाकटी भाची निगेटिव्ह आहे, लसीचा पहिला डोस परवा दिला. ताई मात्र रिपोर्ट आल्यापासून पोराशी नजर मिळवत नाही.

पासपोर्टवाला
ताईंना सांगा, त्यांचा काही दोष नाही. व्हिसाचं नंतर भांडू.