फाईल बरोबर असूनही मूल्य टिकत नाही तेव्हा

लिनक्स कर्नलची (सिस्टमच्या गाभ्याची) सेटिंग्ज रीबूटनंतरही टिकवायची तर '/ईटीसी/सिसक्टल.डी'मध्ये (/etc/sysctl.d) फाईल टाकली की काम झालं, असं सहसा सांगतात. बहुतेक सेटिंग्जना ते लागू आहे, पण कॉनट्रॅकच्या, म्हणजे चालू नेटवर्क कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत मी यात चांगलाच पोळलोय. गेटवे सर्व्हरवर कनेक्शनची कमाल मर्यादा 262144 लिहिली, हाताने कमांड चालवली, लगेच लागू झाली. पुढच्या रीबूटनंतर ऐन गर्दीच्या वेळी पॅकेट गळायला लागली आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशा ओळींची रांगच लागली. मूल्य बघितलं तर परत 65536.

ही की, म्हणजे कमाल मर्यादेचं सेटिंग, कर्नलमध्ये 'एनएफ_कॉनट्रॅक' मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) लोड झाल्यावरच तयार होते. बूट होताना सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सेटिंग्ज लावतं तेव्हा फायरवॉल सुरू झालेला नसेल तर मॉड्यूलही नसतं, मग ती ओळ वगळली जाते. हाताने कमांड चालवताना मॉड्यूल आधीच हजर असतं, म्हणून तेव्हा सगळं ठीक दिसतं. '/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी'मध्ये '.कॉन्फ' फाईल करून त्यात नुसतं मॉड्यूलचं नाव लिहा. सिस्टमडी आधी ती वाचतं, सेटिंग्ज त्यानंतर लावतं. कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्यांना लागणाऱ्या ब्रिजच्या सेटिंग्जचंही हेच, तिथे 'बीआर_नेटफिल्टर' लिहायचं.