चार टोकांचा हार्नेस की साधा तीन टोकांचा पट्टा? (घरी बांधलेली गाडी, आयव्हीए तपासणी)

गॅरेजवासी (कव्हेंट्री), धागाकर्ता

गेली तीन वर्षे मी घरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची दोन आसनी उघडी गाडी बांधत आहे. इंजिन चालते, ब्रेक लागतात, आणि आता आयव्हीए तपासणीचा अर्ज भरायचा आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, की ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होण्याआधी डीव्हीएसए या सरकारी संस्थेचा परीक्षक तिची बारकाईने तपासणी करतो. २००९ पूर्वी याच कामासाठी एसव्हीए नावाची तपासणी होती.

सीट बेल्टच्या बाबतीत माझे मन चार टोकांच्या हार्नेसकडे, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून आणि कंबरेवरून आवळणाऱ्या पट्ट्यांकडे झुकले आहे. मान्यतेची, म्हणजे वर्तुळातल्या 'ई'ची खूण असलेले असे हार्नेस बाजारात मिळतात, ते अरुंद गाडीत नीट बसतात आणि वळणावर शरीर आसनात घट्ट धरून ठेवतात. खांद्याचे पट्टे आसनामागच्या आडव्या नळीला अडकवण्याचा विचार आहे. ही नळी आसनाच्या बैठकीपासून ४३० मिमी उंच आणि माझ्या खांद्याच्या २०० मिमी मागे आहे. खांदा बैठकीपासून ५६० मिमीवर येतो. तपासणीत किमान ४५० मिमी उंची लागते, त्यामुळे नळी २० मिमी वर घेतली की काम झाले, असे मी धरून चाललो आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणासह लिहावे.

नटबोल्ट

माझे मत सरळ उलट आहे. ही गाडी तुम्ही रस्त्यावर चालवणार आहात, शर्यतीत नव्हे, आणि रस्त्यासाठी गुंडाळीचा, म्हणजे एरवी सैल सुटणारा आणि धक्का बसताच अडकणारा तीन टोकांचा पट्टाच योग्य आहे. चार टोकांच्या हार्नेसमधला मूळ दोष असा, की टक्कर होताच खांद्याचे पट्टे मधले बकल वर ओढतात, त्याबरोबर कंबरेचा पट्टा कंबरेच्या हाडांवरून निसटून पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. हाड जो ताण सहज सोसते, तो आतड्यांना सोसत नाही. मांड्यांमधून जाणारा पाचवा किंवा सहावा पट्टा नेमका हे टाळण्यासाठी असतो, आणि तुमच्या निवडीत तोच नाही.

दुसरी गोष्ट सवयीची आहे. हार्नेस घट्ट आवळला, की हँडब्रेकपर्यंत हात पोहोचत नाही आणि चौकात मान वळवून बघता येत नाही, म्हणून माणसे तो सैल ठेवू लागतात. सैल हार्नेसपेक्षा स्वतःहून ताणून बसणारा साधा पट्टा केव्हाही बरा.

तिसरा गिअर

नटबोल्ट यांचे पहिले निदान बरोबर आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. पाचवा पट्टा नाही हीच अडचण असेल, तर सहा टोकांचा शर्यतीचा हार्नेस घ्यावा. तपासणीच्या दिवशी मान्यतेची खूण असलेले कोणतेही स्वस्त पट्टे लावावेत, प्रमाणपत्र हाती आले की काढून ठेवावेत. तपासणी एका दिवसाची असते, गाडी मात्र आपल्याला वर्षानुवर्षे चालवायची असते. उंची कमी पडत असेल तर त्या दिवसापुरती आसनाची उशी काढून पातळ फोम टाकावा. बैठक खाली गेली की मापही आपोआप वाढते. असे करणारे तुम्ही पहिले नसाल.

नटबोल्ट

@तिसरा गिअर, करणारे पुष्कळ आहेत म्हणून ते शहाणपणाचे होत नाही. ब्रिटनमधली १९८६ ची वाहनबांधणी व वापराविषयीची नियमावली तपासणीच्या दुसऱ्या दिवशीही लागू असते, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या पट्ट्यांवर मान्यतेची खूण तिलाही हवी असते. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस पट्ट्यावरची चिठ्ठी वाचतो, तेव्हा तुमचे वर्षानुवर्षांचे गणित त्याला कसे समजावणार?

पट्ट्यांसाठीच्या आर १६ या नियमानुसार बकल एकच लाल बटण दाबून सुटले पाहिजे. शर्यतीच्या हार्नेसचे बकल बहुधा चकती फिरवून सुटते. तुम्हाला त्याची सवय असेल. मदतीला धावून आलेल्या अनोळखी माणसाला ती नसते. शिवाय एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५३/९८ मानकाच्या हार्नेसला पाच वर्षांची मुदत असते. ती संपल्यावर तुम्ही खरोखर नवा आणाल का?

उशी काढण्याची युक्ती तर मला मुळीच पटत नाही. उशी परत घातली, की खांदा वर जातो आणि नळी होती तिथेच राहते.

कोथरूडचा वायसर

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संघाबरोबर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर जात असे. तिथल्या तांत्रिक तपासणीत हार्नेसवरून घाम फुटलेले अनेक संघ मी पाहिले आहेत, आणि त्यातला एक आमचा होता. या चर्चेत सगळे जण पट्ट्याच्या जातीवर भांडत आहेत, पण धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांकडे कुणी पाहिलेले दिसत नाही.

सध्या नळी खांद्याच्या १३० मिमी खाली आणि २०० मिमी मागे आहे, म्हणजे पट्टा खांद्यावरून मागे जाताना सुमारे ३३ अंशांनी उतरतो. या कोनात पट्ट्यातल्या ताणाचा निम्म्याहून अधिक भाग खाली ओढतो, आणि तो खांद्यांमार्फत थेट मणक्याला दाबतो. नळी ४५० मिमीवर नेली तरी उतार २९ अंश उरतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांतला नियम असा आहे, की खांद्यापासून मागे जाणारा पट्टा आडव्या रेषेच्या फार तर १० अंश वर किंवा २० अंश खाली असावा. तुमच्या मापांत हे बसवायचे तर नळी साधारण ४९० मिमीवर हवी. आयव्हीएमध्ये ४५० ला उत्तीर्ण होणारी गाडी आमच्या स्पर्धेत परत पाठवली गेली असती.

बोल्टाविषयीही थोडे लिहितो, कारण तिथे कुणी खर्च करत नाही. पट्ट्याचे नेहमीचे बोल्ट ७/१६ इंची, यूएनएफ या बारीक आट्यांचे असतात. आर १४ या नियमाखाली कारखान्यातल्या मोटारीच्या तीन टोकांच्या पट्ट्याचे आधार तपासताना छातीच्या आणि कंबरेच्या भागांवर प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन ओढ एकाच वेळी देतात. तुमच्या गाडीचा परीक्षक असे काही ओढून पाहणार नाही. तो डोळ्यांनी पाहून ठरवणार. त्यामुळे पातळ पत्र्याला नुसता मोठा वायसर लावलेला बोल्ट कदाचित नजरेतून सुटेल, पण टक्करीत पत्रा फाडून बाहेर येईल. बोल्टासाठी आटे पाडलेली जाड बुशी चौकटीच्या नळीत वेल्ड केलेली असावी.

(अवांतर: भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम वाहनाच्या नमुन्याची मान्यता उत्पादकाकडून मागतो, त्यामुळे असा धागा पुण्यात बसून काढण्याची सोय आम्हाला नाही. तुमचा हेवा वाटतो.)

गॅरेजवासी

कोथरूडकरांचे आभार. ४५० हा आकडा पार करण्याच्या नादात मी स्वतःचा खांदाच विसरलो होतो. नळी कापून ४९० वर नव्याने वेल्ड करणार आहे.

तीन टोकांच्या पट्ट्याबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. गुंडाळीच्या आत कललेपणा ओळखणारी यंत्रणा असते. नियमाप्रमाणे ती १२ अंशांपर्यंत अडकायची नाही आणि २७ अंशांपुढे अडकलीच पाहिजे. माझ्या गाडीत गुंडाळी बसवण्याजोगी एकच जागा आहे, ती मागे झुकलेल्या नळीवर, आणि तिथे पट्टा बाहेरच येत नाही. उघड्या गाडीत रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या कमानीच्या, खाली डोके राहावे म्हणूनही मला घट्ट धरणारा पट्टाच हवा. तेव्हा 'ई'ची खूण आणि लाल बटण असलेला, मांड्यांमधल्या पट्ट्यासह मान्यता मिळालेला हार्नेस शोधतो.

नटबोल्ट

तसा हार्नेस मिळाला तर माझा विरोध अर्धा कमी होईल. उरलेला अर्धा गुंडाळीपुरता आहे. झुकलेल्या नळीवर पाचरीसारखा कंस वेल्ड करून गुंडाळी सरळ बसवता येते. मी माझ्या गाडीत तसेच केले आहे. नळी कापायला घेण्याआधी पुठ्ठ्याचा एक कंस कापून तिथे धरून पाहा.