नुसतं बोलायला दोन वर्षांची एमएस्सी?

राजेंद्रनगरचा काका:
भाची इथेच इंदूरला बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता म्हणते, जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगण्याच्या कामात, एमएस्सी करणार. म्हणजे दक्षिणेत दोन वर्षं, होस्टेल, फी वेगळीच. माझं मत सरळ आहे. रिपोर्ट डॉक्टर समजावतात, त्यासाठी वेगळी पदवी कशाला? खंडवा रोडवर विद्यापीठ आहे, तिथून बायोटेकचीच एमएस्सी करावी, एखाद्या लॅबमध्ये तरी चिकटेल. ताई माझ्यावर फुगून बसली आहे. चुकतोय का मी?

सुदामानगर ७:
चुकताय. डॉक्टर समजावतात म्हणे! माझ्या चुलतबहिणीला चौथा महिना होता. रक्ततपासणीत एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.२ टक्के, म्हणजे जास्त आलं, रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’. म्हणजे ती या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक, स्वतः आजारी नाही. ओपीडीत बाहेर रांग, त्यामुळे एकच वाक्य मिळालं: नवऱ्याची तपासणी करून घ्या. घरी सगळ्यांनी ‘मायनर’चा अर्थ किरकोळ असा लावला, आणि तपासणी राहूनच गेली. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे तोच आजार गंभीर रूपात, होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे तिला सातव्या महिन्यात शेजारच्या सिंधी काकूंकडून कळलं. नवरा नॉर्मल निघाला म्हणून निभावलं.

लॅबवाला:
वाईट वाटलं, पण प्रश्न नोकरीचा आहे. बारा वर्षं लॅबमध्ये काढली. इंदूरच्या जाहिरातींत ‘जेनेटिक काउन्सेलर पाहिजे’ असं मी तरी वाचलेलं नाही. टेस्टिंग कंपन्या घेतात, मग काउन्सेलिंग कमी आणि टेस्ट खपवणं जास्त. अमेरिकेचं नाव कुणी काढू नका. तिथे साराह लॉरेन्स कॉलेजने १९६९ साली हा अभ्यासक्रम सुरू केला, त्यांचं गाडं कधीच रुळावर आलंय.

मूळची रामबागची:
मी हाच कोर्स करतेय, दुसरं वर्ष. ‘नुसतं बोलणं’ म्हणजे काय ते सांगते. आधी वंशावळ काढायची, निदान तीन पिढ्यांची. पुरुष चौकोन, बाई गोल, नात्यातलं लग्न असेल तर मध्ये दोन रेघा. आता मराठी घरात थेट ‘नात्यात लग्न झालंय का?’ विचारलं की उत्तर हमखास ‘नाही’. मामेबहीण केली तर ते त्यांना नात्यातलं वाटतच नाही! म्हणून मी विचारते, “सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागायच्या?” लगेच हसून सांगतात, “आत्या!” तसंच लहानपणी गेलेलं बाळ. ते कुणी मोजत नाही, दोनदा विचारावं लागतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ‘ताई, तुम्हीच सांगा, हा गर्भ ठेवू की नको?’ यावर सगळी माहिती द्यायची, पण निर्णय त्यांच्यावर लादायचा नाही. मुलगा की मुलगी, हे तर १९९४च्या कायद्याने सांगताच येत नाही.

कामही आपल्या दारातच आहे. सिकल सेल (हाही आनुवंशिक रक्ताचा आजार) निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७चं उद्दिष्ट. तपासणीच्या निकालाची कार्डं वाटली जातायत. झाबुआ-अलीराजपूरकडच्या दोन वाहकांचं लग्न ठरलं, तर त्या कार्डांचा अर्थ कोण सांगणार?

लॅबवाला:
आशाताई सांगतील. तुम्ही वर्गात आहात किती जण?

मूळची रामबागची:
बोटांवर मोजण्याइतके. आशाताईंनीच सांगावं, पण त्यांना शिकवायला कुणी हवं ना?

लॅबवाला:
हवं, मान्य. ‘हवं’ म्हणजे मंजूर पद नव्हे.

सुदामानगर ७:
पदं निघेपर्यंत कुणी शिकायचंच नाही का? मग निघाल्यावर भरणार कुणाला?

राजेंद्रनगरचा काका:
फीचा मुद्दा अजून तसाच आहे हं. पण ते सासूबाईंचं वाचून थबकलो. आमची आजी म्हणजे आईची सख्खी आत्या. दिवाळीत भाची आईजवळ बसून वहीत चौकोन आणि गोल काढत होती, मला वाटलं रांगोळीचा कागद. आज जाऊन ती वही बघतो.