मदत हवी आहे: साउंड ड्रायव्हर कोड १९ देतोय, रजिस्ट्रीतलं नेमकं काय काढायचं?

नमस्कार,

गेले चार दिवस बाबांच्या लॅपटॉपमधून आवाज येत नाही. तक्रार किरकोळ वाटेल, म्हणून आधी एक सांगते. काचबिंदूमुळे बाबांची दृष्टी पूर्ण गेली आहे. स्क्रीनरीडर प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मेन्यू बोलून दाखवतो, त्या आधारावर ते पत्रं लिहितात, बातम्या वाचतात, जुन्या आठवणी टंकून ठेवतात. आवाज बंद पडल्यापासून त्यांना काहीच करता येत नाही. विंडोजमधला नॅरेटरही त्याच स्पीकरवर अवलंबून, त्यामुळे तोही गप्प आहे. रोज सकाळी ते येऊन विचारतात, "झालं का गं?" आणि मला नाही म्हणावं लागतं.

सुरुवात माझ्याकडूनच झाली. स्क्रीनरीडरचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू यावा म्हणून मी ध्वनी सुधारणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. बोलण्याचा वेग वाढवला की शब्द फुटायला लागले, म्हणून दोनच दिवसांत ते काढलं. काढल्यावर रीस्टार्ट केलं आणि तेव्हापासून स्पीकरच्या चिन्हावर फुली आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या गटात पिवळा त्रिकोण दिसतो. आत संदेश असा आहे: या उपकरणाची रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवतं तिथली) माहिती अपुरी किंवा बिघडलेली असल्यामुळे विंडोज ते सुरू करू शकत नाही, कोड १९.

आतापर्यंत काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तेच पुन्हा सुचवण्यात तुमचा वेळ जायला नको. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन तीनदा टाकला. ट्रबलशूटर चालवला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइल तपासणारी आज्ञा चालवली, त्यात एकही खराब फाइल निघाली नाही. सर्व्हिसेसमध्ये विंडोज ऑडिओ आणि ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर दोन्ही चालू आहेत. विंडोज मागच्या स्थितीवर नेण्यासाठी लागणारा रिस्टोअर पॉइंट एकही नाही. रजिस्ट्रीची जुनी प्रत मिळेल या आशेने सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिगच्या आत रेगबॅक फोल्डर पाहिला, तर त्यातल्या सगळ्या फाइल शून्य केबीच्या. विंडोज १० आहे, ६४ बिट.

दुरुस्तीवाल्यांनी फॉरमॅटचा सल्ला दिला. ते मला शक्यतो टाळायचं आहे. बाबांनी स्क्रीनरीडरमध्ये स्वतःचा उच्चारकोश तयार केला आहे. कुठला शब्द कसा बोलायचा ते एकेक करून कित्येक वर्षं भरलंय, शिवाय त्यांचे शॉर्टकट आहेत. प्रत काढता येईल हे कळतं. पण सगळं पुन्हा जागच्या जागी बसेपर्यंत त्यांना चाचपडावं लागेल आणि ते मला नको आहे.

रजिस्ट्री एडिटर मी आजवर कधी उघडलेला नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

आधी हार्डवेअर चांगलं आहे याची खात्री करून घ्या. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करून एखादी ध्वनिफीत लावून बघा. वाजली तर स्पीकर आणि साउंड चिप ठीक आहेत, दोष विंडोजमध्येच आहे.

दुसरं, यूएसबीवर चालणारा हेडफोन असेल तर तो लावून बघा. त्याची साउंड चिप स्वतःची असते.

धागाकर्ती

दोन्ही करून पाहिलं. लिनक्सवर आवाज अगदी खणखणीत आला. बाबा शेजारीच बसले होते, आवाज ऐकून एकदम सरसावले. हे तात्पुरतं आहे असं त्यांना सांगताना फार वाईट वाटलं.

विंडोजमध्ये यूएसबी हेडफोन लावला तर त्याच्यावरही पिवळा त्रिकोण आला आणि कोडही तोच, १९. हेडफोन माझा आहे, या लॅपटॉपला याआधी कधीच लावलेला नव्हता. नव्या कोऱ्या उपकरणाची नोंद बिघडलेली कशी असेल?

प्रतिसाद २

हेडफोनचं सांगितलंत ते फार बरं झालं. तो या लॅपटॉपला पहिल्यांदाच लागतोय, तरी त्याला तोच कोड येतो. म्हणजे बिघाड एकेका उपकरणाच्या नोंदीत नाही, दोघांच्या वर जी सामाईक नोंद असते तिच्यात आहे. आतला स्पीकर आणि यूएसबी हेडफोन दोन्ही विंडोजच्या हिशेबी 'मीडिया' या एकाच वर्गातले. या वर्गाची रजिस्ट्रीत एक की, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा, असते आणि तिच्यात अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स अशा नोंदी असू शकतात. तिथे ज्या फिल्टर ड्रायव्हरचं (मूळ ड्रायव्हरला जोडून चालणाऱ्या ड्रायव्हरचं) नाव लिहिलेलं असेल तो वर्गातल्या प्रत्येक उपकरणाबरोबर चढवला गेलाच पाहिजे, असा विंडोजचा नियम आहे. नाव आहे पण रजिस्ट्रीतल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या नोंदी असतात तिथे, त्या नावाची कीच नाही, अशी स्थिती झाली की विंडोज ते उपकरण सुरू करत नाही आणि कोड १९ दाखवतो. सर्व्हिसची की आहे पण ड्रायव्हरची फाइल गायब आहे, अशा वेळी बहुधा कोड ३९ येतो.

ध्वनी सुधारणारी काही सॉफ्टवेअर याच जागी आपला फिल्टर बसवतात. तुमच्या सॉफ्टवेअरच्या अनइन्स्टॉलरने जाताना सर्व्हिस पुसली आणि वर्गाच्या कीमधलं नाव तसंच ठेवलं, असा माझा अंदाज आहे. म्हणूनच ड्रायव्हर तीनदा टाकूनही फरक पडला नाही, कारण नवा ड्रायव्हर टाकताना वर्गाच्या कीमधलं ते नाव कोणी पुसत नाही. एसएफसी विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासते. दुसऱ्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत मागे ठेवलेलं नाव तिच्या नजरेत येत नाही.

रेगबॅकबद्दल: विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती आपोआप होणारी प्रत बंद केलेली आहे. शून्य केबी दिसणं हा तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही.

प्रतिसाद ३

हा प्रश्न मलाही आला होता. रजिस्ट्रीत त्या वर्गात जा, अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स दोन्ही डिलीट करा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद २

धागाकर्ती, थांबा. सगळी नोंद डिलीट करू नका.

डीव्हीडी ड्राइव्हच्या वर्गासाठी तो उपाय सगळीकडे लिहिलेला सापडतो आणि तिथे बहुतेक वेळा चालूनही जातो. पण ६४ बिट विंडोजमध्ये मीडियाच्या अपरफिल्टर्समध्ये 'केएसथंक' हे नाव मुळातच असतं. तो विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. ३२ बिट प्रोग्रामकडून येणाऱ्या ध्वनी-चित्राच्या विनंत्या तो ६४ बिट ड्रायव्हरला समजतील अशा करून देतो. तो उडवला तर आज आवाज येईलही, पण पुढे एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये अडचण आली तर तिचं मूळ इथे आहे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. कीबोर्डच्या आणि माउसच्या वर्गातही अशीच विंडोजची स्वतःची नावं असतात. ती पुसली तर कीबोर्ड, माउस बंद पडतात. म्हणून जे नाव परकं आहे तेवढंच काढायचं.

आधी काहीही न बदलता नुसतं बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. वरच्या यादीत क्लास अपर फिल्टर्स, क्लास लोअर फिल्टर्स आणि नुसते अपर फिल्टर्स, लोअर फिल्टर्स असे पर्याय शोधा. नोंद असेल तरच पर्याय दिसतो. प्रत्येकात काय लिहिलंय ते इथे कळवा.

धागाकर्ती

हेडफोनला फक्त क्लास अपर फिल्टर्स दिसतो. त्यात दोन ओळी आहेत: केएसथंक, आणि खाली एक नाव जे मी काढलेल्या सॉफ्टवेअरच्या नावाशी जुळतं. आतल्या स्पीकरला याच दोन ओळी आहेत, शिवाय नुसत्या लोअर फिल्टर्समध्ये तशाच धाटणीचं आणखी एक नाव आहे.

तुमचा अंदाज खरा निघाला, मनापासून आभार. पण हात लावायचा धीर होत नाही. चुकून दुसरंच काही पुसलं गेलं तर?

प्रतिसाद २

भीती वाटणं साहजिक आहे. म्हणूनच आधी परतीची वाट करून ठेवू. आज वर्गाची नोंद तेवढी बघू, आतल्या स्पीकरचं नंतर.

सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा. मग विंडोजची कळ आणि आर दाबून रेगएडिट उघडा. डाव्या बाजूला एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल आणि शेवटी क्लास. आत महिरपी कंसातल्या लांबलचक क्रमांकांची रांग दिसेल. त्यातला ४डी३६ई९६सी ने सुरू होणारा आपला. शेजारचे क्रमांक एखाद्याच अक्षराने वेगळे असतात. या पहिल्या तुकड्यात 'सी'च्या जागी 'बी' असलेला कीबोर्डचा आहे, 'एफ' असलेला माउसचा. त्यामुळे उजवीकडे क्लास या नावापुढे 'मीडिया' लिहिलंय ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या कीवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे काही बिनसलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की ही नोंद आत्ता आहे तशी परत येईल.

आता डावीकडे सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे करंटकंट्रोलसेटच्या खालीच, ते परकं नाव शोधा. नसेल तर निदान पक्कं झालं. मग परत मीडियाच्या कीवर या, उजवीकडच्या अपरफिल्टर्सवर डबल क्लिक करा. चौकटीत एकाखाली एक नावं दिसतील. परक्या नावाची ओळ पुसा, केएसथंकची राहू द्या, मधे रिकामी ओळ ठेवू नका, ओके करा. कीच्या आत ००००, ०००१ असे फोल्डर दिसतील, त्यांना हात लावायचा नाही.

शेवटी रीस्टार्टच करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, साठवून ठेवला जातो.

धागाकर्ती

सर्व्हिसेसमध्ये ते नाव नव्हतं. ओळ पुसली, रीस्टार्ट केलं आणि हेडफोनमधून आवाज आला!! बाबांच्या कानाला लावला. स्क्रीनरीडरने डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं वाचायला सुरुवात केली, तेव्हा ते काही न बोलता नुसते ऐकत बसले. तुमचे किती आभार मानू कळत नाही.

आतल्या स्पीकरवर मात्र अजून कोड १९ आहे. लोअर फिल्टर्समधलं नाव तसंच आहे. ते रजिस्ट्रीत सापडलं, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, एनम, एचडीऑडिओ असं आत गेल्यावर. पण पुसायला गेले तर बदल करता येत नाही असा संदेश येतो. परवानगी बदलायची का?

प्रतिसाद ३

आधीचा माझा सल्ला अर्धवट होता. मी स्वतः दोन्ही नोंदी उडवल्या होत्या, त्यामुळे केएसथंकचं मला ठाऊकच नव्हतं. आज माझ्या संगणकात जाऊन ते नाव परत लिहिलं. दुरुस्तीबद्दल आभारी आहे.

प्रतिसाद २

परवानगी बदलू नका. एनममधली नोंद विंडोज स्वतः सांभाळतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही तिथे फक्त वाचता येतं, आणि ते तसंच असलेलं बरं. तिथे हाताने पुसायची गरजच नाही. हे नाव फक्त त्या एका उपकरणाच्या नोंदीत आहे, म्हणून ती नोंदच विंडोजकडून नव्याने करून घेऊ.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतल्या स्पीकरच्या उपकरणावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस निवडा. ड्रायव्हरही पुसायचा का असं विचारणारी चौकट येईल, तिथे खूण करू नका. मग वरच्या अ‍ॅक्शन मेन्यूतून स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस. उपकरण पुन्हा सापडेल, त्याची नोंद कोरी तयार होईल आणि जुनं नाव त्यात नसेल. झाल्यावर डिटेल्समध्ये एकदा बघून घ्या. नाव परत आलेलं दिसलं तर त्या सॉफ्टवेअरचं ड्रायव्हर पॅकेज अजून आत आहे असं समजा आणि इथे लिहा, विंडोजमधलं पीएनपीयूटिल हे साधन वापरून ते कसं काढायचं ते सांगतो.

आणि एक विनंती. या सगळ्यात कुठलाही रजिस्ट्री क्लीनर डाउनलोड करू नका. अशा प्रोग्रामना कुठलं नाव परकं आणि कुठलं विंडोजचं हे नीट ओळखता येईलच असं नाही.

धागाकर्ती

झालं! नाव परत आलं नाही, त्रिकोण गेला, स्पीकर वाजतोय. रीस्टार्ट दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा आवाज आला. उच्चारकोश, शॉर्टकट, सगळं जागच्या जागी आहे.

यूएसबी हेडफोन आता बाबांच्याच टेबलावर ठेवणार आहे. पुढे कधी आतला स्पीकर बंद पडला तर निदान ते स्वतः हेडफोन लावून मला नेमकं काय झालंय ते सांगू शकतील. रिस्टोअर पॉइंटही आता चालू ठेवलाय.

बाबा हा धागा आत्ता स्क्रीनरीडरवर पहिल्यापासून ऐकतायत. त्यांनी विचारलंय की केएसथंकचा उच्चार कोशात कसा भरायचा, कारण स्क्रीनरीडर तो एकेक अक्षर सुटं करून वाचतो.