ते हसणं निर्दयी नसतं

आपल्याच सैन्याच्या गोळीने चुकून गेलेल्यांवर विनोद करणारे माजी सैनिक निर्दयी असतात, हे मत मला अजिबात पटत नाही. माझे मामा सैनिक टाकळी गावचे, सैन्यातले निवृत्त हवालदार. कोल्हापुरात आले की त्यांचे दोन-तीन जुने सोबती आमच्याकडे चहाला जमतात. त्यातले एकजण एकदा म्हणाले, "दुश्मनाच्या गोळीनं गेलास तर गावात कमान, आपल्या गोळीनं गेलास तर नुसती चौकशी." सगळे खदाखदा हसले. मामाही हसले, पण बशीतला चहा तसाच धरून बसले, त्यावर साय आली तरी ओठाला लावला नाही. रात्री मामींनी सांगितलं, त्यांच्या तुकडीतला एक पोरगा अंधारात आपल्याच पहाऱ्याच्या गोळीने गेला होता.

२७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे ६ जण आणि जमिनीवरचा १ नागरिक गेला. ती आपली चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघड मान्य केलं. अशा मरणात राग धरायला समोर शत्रूच नसतो, गोळी झाडणाराही आपलाच असतो आणि तोही आयुष्यभर जळतो. ही माणसं रडायची कुणापुढे? म्हणून एकमेकांत हसतात. आपण तिथं बसलेलो असलो, तर गप्प ऐकावं.