एक नाकपुडी उघडली की दुसरी का चोंदते?

निशाचर (प्रश्न):
दीड महिन्यापूर्वी साधी सर्दी झाली होती. ती आठवड्याभरात ओसरली, परंतु तेव्हापासून रात्री आडवा झालो की एक नाकपुडी चोंदते आणि कूस बदलली की थोड्या वेळाने ती मोकळी होऊन दुसरी बंद पडते. सर्दीत ऑक्सिमेटाझोलीनचे (चोंदलेले नाक मोकळे करणारे) थेंब सुरू केले होते, ते अद्याप सुटलेले नाहीत. पूर्वी झोपताना एकदा थेंब घातले की सकाळ होत असे. आता तीन-चार तासांतच जाग येते आणि अर्धवट झोपेत हात उशाजवळची बाटली चाचपू लागतो. शिवाय गेल्या आठवड्यात दोनदा घोळणा फुटला. माझ्या नाकाचा पडदा वाकडा असावा काय? मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

दुर्बीण:
आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. नाकपुड्यांनी आळीपाळीने चोंदणे हा आजार नव्हे. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टर्बिनेट नावाचे तीन-तीन हाडांचे उंचवटे असतात आणि त्यांच्यावरील मऊ अस्तरात रक्ताने फुगणाऱ्या शिरांचे जाळे असते. काही तास एका बाजूचे अस्तर फुगते आणि दुसऱ्या बाजूचे आक्रसते, मग पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्येच या चक्राचे वर्णन केले होते. दोन्ही बाजू मिळून आत जाणारी हवा साधारण तेवढीच राहत असल्यामुळे एरवी आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. कुशीवर झोपल्यावर मात्र खालच्या बाजूचे अस्तर अधिक फुगते, आणि त्यात सर्दीची सूज असली तर ती नाकपुडी पुरती बंद होते. वाकडा पडदा बहुधा एकाच बाजूला अडवतो. आपली तक्रार बाजू बदलते आहे, त्यामुळे मला पडद्याचा संशय कमी वाटतो.

खात्री करायची असल्यास थंड आरसा नाकाखाली आडवा धरून श्वास सोडावा. वाफेचे दोन डाग उमटतील आणि बहुतेक वेळा त्यांतला एक मोठा असेल. काही तासांनी पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट थेंबांची, आणि खरी अडचण तीच आहे. हे थेंब अस्तरातील रक्तवाहिन्या आवळतात. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक काळ घेतल्यास, त्यांचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त फुगते, मग माणूस पुन्हा थेंब घालतो. रात्रभर पुरणारे औषध तीन तासांवर आले आहे, याचा अर्थ आता नाक सर्दीमुळे नव्हे तर त्या बाटलीमुळे चोंदते आहे.

कोरा कागद:
मेंथॉल घातलेल्या पाण्याची वाफ दिवसातून चार वेळा घ्यावी. माझे नाक त्याने दोन मिनिटांत उघडते.

दुर्बीण:
ते उघडल्यासारखे वाटते, एवढेच. मेंथॉल नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो आणि हवा वाहते आहे की नाही हे आपण त्या थंडाव्यावरूनच ओळखतो; वाट मात्र होती तेवढीच अरुंद राहते. घोळणा फुटत असताना अस्तराला गरम वाफ देण्याचा सल्ला मी तरी देणार नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याची भीती असते ती वेगळीच.

सावकाश:
मी या थेंबांच्या चक्रात सात महिने अडकलो होतो, म्हणून अनुभव लिहितो. दोन्ही बाजूंचे थेंब एकदम सोडण्याचा प्रयत्न तीनदा फसला. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी फक्त उजव्या बाजूचे थेंब बंद केले, ती बाजू श्वास घेऊ लागल्यावर डावीचे केले, आणि दरम्यान स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवला. या स्प्रेचा गुण लगेच येत नाही, काही दिवस जावे लागतात. पहिल्या चार रात्री मी जवळजवळ बसून काढल्या. स्प्रे मारताना डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे तोंड आपोआप पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने वळते. मी सुरुवातीला सरळ पडद्यावरच मारत होतो आणि माझाही घोळणा त्यामुळेच फुटत असे.

मिठाच्या पाण्याचा उपयोग होतो. नाकातील शेंबडाचा पातळ थर पक्ष्माभिका नावाचे सूक्ष्म केस मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलत असतात आणि धूळ, परागकण, जंतू त्यात अडकून पोटात जातात. थर वाळून घट्ट झाला की हे काम मंदावते; मिठाचे पाणी तो सैल करते. पाव लिटर पाण्यात अर्धा सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. पाणी मात्र किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्ड असावे. साध्या नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे नेग्लेरिया नावाचा अमीबा मेंदूत जाऊन माणसे दगावली आहेत. असे क्वचितच घडते, पण पाणी उकळण्याचा कंटाळा करू नये.

निशाचर:
दोघांचेही आभार. आरशाचा प्रयोग केला: सकाळी सातला डावा डाग मोठा होता, अकराला उजवा. आजपासून उजव्या बाजूचे थेंब बंद करत आहे आणि तज्ज्ञांची वेळही घेतली आहे. तोपर्यंत घोळणा फुटल्यास काय करावे? मी मान मागे टाकून बसतो.

दुर्बीण:
मान मागे टाकू नये. रक्त घशात उतरते आणि मळमळते. पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग (हाडाचा नव्हे) चिमटीत घट्ट धरावा, तोंडाने श्वास घ्यावा आणि घड्याळ पाहून दहा ते पंधरा मिनिटे चिमूट सोडू नये. थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच सोडली की जमू लागलेली गुठळी निघते. बहुतेक रक्तस्राव पडद्याच्या पुढच्या भागातून, जिथे बोट पोहोचते तिथूनच होतात, म्हणून खपल्या काढू नयेत आणि शिंकरताना एका वेळी एकच बाजू हळू शिंकरावी. अर्ध्या तासातही रक्त थांबले नाही, किंवा आपण रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर तज्ज्ञांच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.